गाडी गळत नाही, तुंबते

«काका, आमची सात वर्षांची हॅचबॅक आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मिरग लागल्यापासून पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट ओली असते. आता मागेही डाव्या बाजूला कार्पेट दाबलं की पाणी वर येतं. सासूबाई पुढे बसतात, त्यांचे पाय आधीच सुजतात, त्यात हे. गाडी घरासमोरच्या चढणीवर फणसाखाली उभी असते. एका मेस्त्रीने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरलं, दुसऱ्याने दारांच्या रबरांना भरलं. पाणी तसंच. तिसरा म्हणतो, काच उतरवून नव्याने बसवावी लागेल. गंमत म्हणजे परवा दोन दिवस उघडीप होती, आम्ही एसी लावून पणजीला जाऊन आलो, तरी मॅट ओलीच. वळणावर डॅशबोर्डच्या आत गळगळ वाजतं, पंखा मोठा केला की फरफर. दारांची लॉकं मधूनच आपोआप खटखटतात. गेल्या वर्षी रिव्हर्स घेताना गेटच्या चिऱ्यांना लागून मागचा डावा दिवा फुटला होता, तो बदलला. आता डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी असतं. आणि काचांवर इतकी वाफ धरते की बेळगावहून येताना चोर्ला घाटात गाडी बाजूला घ्यावी लागली. कुबट वास तर विचारूच नका. आमच्या ह्यांचं म्हणणं, चवथीच्या आधी विकून टाकू. काय करू?»
एक वाचक भगिनी, डिचोली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. तीन मेस्त्र्यांना मिळून जे दिसलं नाही ते तुम्ही एका पानात लिहून पाठवलंत. फक्त त्यातल्या सगळ्यात मोठ्या पुराव्याला तुम्ही ‘गंमत’ म्हटलंत. दोन दिवस पाऊस नाही, एसी लावून पणजीला जाणं-येणं, आणि तरी मॅट ओली. ढगातून थेंब पडला नसेल तर काचेच्या कडेने आत येणार काय? तुमच्या गाडीतलं निदान एक पाणी पावसाचं नाहीच, ते गाडीनेच तयार केलेलं आहे. तेव्हा काच उतरवायला आलेल्या मेस्त्रीला चहा पाजा आणि परत पाठवा.

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला गळतीचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. थेंब पडतो देवघरात आणि फुटलेलं कौल निघतं पार पडवीवर. मधली वाट पाणी वाशावरून, रिपेवरून चालत काढतं. गाडीतही तसंच. वासे नसले तरी पत्र्याच्या घड्या आहेत, वायरींचे जुडगे आहेत, कार्पेटखाली जाड फेल्ट आहे. तुमची गाडी चढणीवर नाक वर करून उभी राहत असेल, तर पुढे साचलेलं पाणी रात्रभरात कार्पेटखालून मागे उतरतं. मागच्या डाव्या बाजूची ओल ही बहुधा नवी गळती नसून पुढचंच पाणी आहे. ओल दिसली तिथे सिलिकॉन भरणं म्हणजे देवघरातल्या थेंबासाठी देवघराच्या फरशीला गिलावा करण्यासारखं झालं.

मी फोंड्यात बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगायची गोष्ट हीच असायची, आणि पुष्कळांना ती पटायची नाही: गाडी पाणी अडवायला बांधलेलीच नसते. पाणी आत येणारच असं धरून त्याला बाहेर जायच्या वाटा ठेवलेल्या असतात. वायपरखालच्या जाळीतून पाणी आत जातं, ते दोन्ही कोपऱ्यांतून पुढच्या चाकांमागे उतरतं. दाराच्या काचेला घासून ते थेट दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. डिकीच्या झाकणाभोवती पन्हळ असते. ह्या वाटा मोकळ्या असल्या तर गाडी कोरडी राहते, तुंबल्या की पाणी तिसरीच वाट शोधतं आणि ती बहुतेक वेळा तुमच्या पायाशी निघते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावर उभ्या असलेल्या छोट्या गाडीचं टप, काच आणि बॉनेट मिळून पाचेक चौरस मीटर धरलं, तर एका पावसाळ्यात तिच्या अंगावरून पंधरा हजार लिटर पाणी वाहून जातं. दहा हजारांचा टँकर धरा, दीड टँकर झाला. एवढं पाणी रबराच्या पट्ट्यांनी अडवत बसायचं म्हटलं तर गाडीची पाणबुडी करावी लागेल.

आता तुमच्या गाडीतलं पहिलं पाणी, एसीचं. एसी हवा थंड करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं अर्धं काम हवा पिळायचं असतं. ३० अंशांना दमट, भरलेल्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांना जेमतेम १७. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल त्याहून कितीतरी गार असते, त्यामुळे तिच्या अंगावरून गेलेल्या हवेतलं जास्तीचं पाणी तिथेच ठिबकतं. कॉइलखाली एक ताटली असते, ताटलीला अंगठ्याएवढी रबरी नळी, आणि ती इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून गाडीखाली उघडते. एसी चालू असलेल्या गाडीखाली थांबल्यावर जे थारोळं दिसतं ते हेच. नळीच्या तोंडाशी लाल माती बसली, कोळ्याने किंवा गांधीलमाशीने घर केलं, की ताटली भरते. मग वळणावर ते पाणी हिंदकळतं, त्याची तुम्ही ऐकलेली गळगळ, आणि काठोकाठ झालं की डाव्या पायाशी सांडतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉइल डावीकडेच, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असते. म्हणून सासूबाईंचे पाय.

खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. सपाट जागेवर गाडी उभी करून एसी पूर्ण थंडीवर वीस मिनिटं चालवा आणि वाकून खाली बघा. जुलै-ऑगस्टच्या गोव्यात एवढ्या वेळात खाली पाणी दिसलं नाही, तर नळी तुंबली असं खुशाल समजा. साफ करायचं काम अर्ध्या तासाचं, पण ते गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन करा. घरी जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, नवरा कितीही हौशी असला तरी. मेस्त्रीला सांगा, तार खुपसू नको. कॉइल ॲल्युमिनियमची असते, तार आत लागली तर गॅस जाईल आणि शंभराचं काम हजारांत जाईल. नळीच्या तोंडाची माती काढून आतला गाळ खालून ओढून घ्यायचा, किंवा हलक्या दाबाची हवा द्यायची. नळी सुटली की पाणी भसकन येतं, तेवढं तोंड बाजूला ठेवायला सांगा. मला एकदा शर्ट बदलावा लागला होता.

पण ह्याने सगळं संपेल असं मला वाटत नाही, कारण तुम्ही फरफर लिहिलीय. ती एसीची नव्हे. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्यातूनच पंखा बाहेरची हवा घेतो. फणसाचं अख्खं पान त्या जाळीतून जात नाही, पण देठ जातात, सुकलेल्या पानाचे तुकडे जातात, शेजारी गुलमोहर असेल तर त्याची बारीक पानं पीठ चाळल्यासारखी जातात. ती पंख्याच्या पात्याला लागली की फरफर होते. आणि पंख्यापर्यंत पोचली असतील, तर कोपऱ्यातल्या भोकांचं काय झालं असेल ते न उघडता सांगता येतं. जोराच्या सरीत जाळीखालच्या पन्हळीत पाणी चढतं आणि हवेच्या तोंडातून आत पंख्यावर पडतं. ते उतरतं पुन्हा डाव्या पायाशी. दोन वेगळी पाणी, एकच मॅट. म्हणून मेस्त्री चक्रावले.

ह्या बाबतीत मी स्वतः एक पूर्ण पावसाळा वाया घालवलाय. सुरुवातीची वर्षं होती. एक टॅक्सीवाला दर आठ दिवसांनी ओली मॅट घेऊन यायचा आणि मी दर वेळी काहीतरी सील करायचो: काचेची कड, वायरींची भोकं, बॉनेटचे बिजागर, शेवटी तर काच धुणाऱ्या वॉशरच्या नळीलाही गुंडाळलं. ऑक्टोबरात पाऊस गेला तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं, जमलं. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा दारात. ह्या वेळी मी वैतागून वायपर उतरवले, जाळी काढली, तर खाली उंदराचं घर. गवत, कापूस, प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्या आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेचा अर्धा तुकडा. दोन मुठींत सगळं बाहेर आलं. त्या माणसाने एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. तेव्हापासून ट्यूब हातात घ्यायच्या आधी मी हात आत घालतो.

तुमच्याकडेही तेच करून घ्या. वायपरचे हात उतरवायचे, जाळीच्या क्लिपा सोडवायच्या (त्या जुन्या गाडीत तुटतातच, चार-पाच नव्या आधीच आणून ठेवा), आतला काळा चिखल हाताने काढायचा. चिखल टाकू नका, मिरचीच्या रोपांना उत्तम. मग प्रत्येक कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्याला चाकामागे बघायला बसवा. ओतल्याबरोबर खाली धार लागली पाहिजे. हळूहळू ठिबकलं तर वाट अजून अडलेली आहे. प्रेशर वॉशर तिथे लावू देऊ नका, त्याने कचरा आणखी खोल बसतो आणि पाणी नको त्या वायरीत जातं.

दोन्हींपैकी मोठा चोर कोण ते कळायला एक सोपी युक्ती आहे. मॅट काढा, कोरड्या फेल्टवर वर्तमानपत्राचा कागद पसरा. एक दिवस पावसात गाडी नुसती उभी ठेवा, एसी लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, उघडीप असेल तेव्हा, एसी लावून तासभर फिरा. कागद कधी भिजला ते तुम्हीच बघा. मात्र त्याआधी फेल्ट खरंच कोरडा हवा, नाहीतर कागद जुनंच पाणी पिऊन खोटी साक्ष देतो.

एक पाणी मात्र निराळं ओळखायला शिका. मॅटवरची ओल बोटाला चिकट लागली, तिला गोडसर वास आला, पुढच्या काचेवर तेलकट थर बसला आणि बॉनेटमधली कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी आठवड्यागणिक उतरत असली, तर ती हीटरची कॉइल गळतेय. ते कूलंट विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. पातळी बघायची ती इंजिन थंड असताना. तुम्ही कुबट वास लिहिलात, गोड नव्हे, म्हणून माझा संशय तिकडे जात नाही. पण बोट लावून एकदा बघाच.

दारांचं थोडक्यात सांगतो. दाराच्या तळाशी भोकं असतात, आपल्या तांबड्या चिखलाने ती बुजतात. माडाच्या झाडूचा एक हीर घ्या आणि प्रत्येक भोकातून फिरवा. आतल्या अस्तरामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो दारातलं पाणी दारातच ठेवतो. पॉवर विंडो दुरुस्त करताना किंवा नवे स्पीकर बसवताना तो फाडून तसाच सोडायची खोड पुष्कळांना असते. तुमच्याकडे असं काही काम झालं असेल तर अस्तर उघडून बघायला सांगा. रबरावर भरलेलं सिलिकॉन मात्र सोलून काढा. त्या रबराला दाबलं जायची मोकळीक हवी असते, थापलेल्या सिलिकॉनमुळे दार नीट बसत नाही आणि होती नव्हती फट वाढते. शिवाय बांधकामाच्या दुकानातलं, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला ते गंज आणतं. काच बसवतात ती पॉलियुरेथेनच्या गोंदाने, सिलिकॉनने नव्हे, आणि सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी पुढे दुसरं काहीच धड चिकटत नाही.

काच खरंच गळते का हे बघायचंच असेल, म्हणजे ह्या दोन्ही वाटा मोकळ्या करूनही पाणी आलं तर, बागेच्या नळीने बघा. नळीला चाप लावू नका, पाणी नुसतं वाहू द्या. खालून सुरुवात: आधी वायपरची पन्हळ पाच मिनिटं, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग टप. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसलेला. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून एकदमच उतरतं आणि काहीच कळत नाही. पण तुमच्या पत्रात काच कधी बदलल्याचं कुठे म्हटलेलं नाही. कंपनीने बसवलेली काच सहसा आपणहून सुटत नाही. ती शेवटची शंका ठेवा.

डिकीचं पाणी ही वेगळीच भानगड आहे, तिची पुढच्या पाण्याशी गल्लत करू नका. तुम्ही मागचा डावा दिवा बदलला, आणि चिऱ्याला गाडी लागली म्हणजे दिव्यामागचा पत्रा चार-दोन मिलिमीटर तरी आत गेलेला असणार. नवा दिवा बसला, पण त्यामागची फोमची गॅस्केट वाकड्या पत्र्यावर टेकत नाही, आणि स्क्रूपाशी फट राहते. दिवा उतरवा, मागच्या पत्र्यावर मातीचे ओघळ दिसले तर तोच गुन्हेगार. पत्रा सरळ करून नवी गॅस्केट लावणं हे डेंटरचं काम, ट्यूबचं नव्हे. दिवा कोरडा निघाला तर मागच्या काचेच्या वॉशरची नळी तपासा. हॅचबॅकमध्ये ती नळी बॉनेटपासून छताच्या कडेने मागेपर्यंत येते आणि कुठेतरी सांध्यात निसटली, की वॉशर दाबल्यावर पाणी काचेवर न जाता अस्तरामागून डिकीत उतरतं. स्टेपनीच्या खड्ड्यातल्या पाण्याला साबणाचा वास असेल तर हे नक्की. खड्ड्याच्या तळाशी एक रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडा, खालचा पत्रा पुसून गंज बघा आणि बूच परत लावा. डिकीत टॉर्च घेऊन बसायला मुलं धडपडतील. मागची सीट पाडलेली असेल आणि दारं उघडी असतील तरच बसवा.

तुमच्याकडे सनरूफ नाही, पण हल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. सनरूफच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात, त्या मासे पकडायच्या जाड तंगुसाने हळू साफ करा. जोराची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून सुटते आणि मग छताचं अस्तरच उतरवावं लागतं.

दारांची लॉकं खटखटतात हे वाचून मी तुमच्या पत्रावर दोन रेघा मारल्या. मॅटपेक्षा हे गंभीर आहे. कित्येक गाड्यांत पुढच्या डाव्या पायाच्या बाजूच्या अस्तरामागे वायरींचे सांधे असतात, काहींत कंट्रोल युनिटही तिथेच. पाणी त्यात शिरलं की आधी लॉकं खेळायला लागतात, मग डॅशबोर्डवर दिवे लागतात, आणि एका सकाळी गाडी सुरूच होत नाही. म्हणून गाडी गॅरेजला गेली की पहिलं काम बॅटरीचा निगेटिव्ह काढणं, दुसरं ते अस्तर उघडून सांधे बघणं. हिरवा-पांढरा, बुरशीसारखा गंज धरला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळवायचे. सीट काढाव्या लागतील, त्यांच्याखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असू शकतात. ते एअरबॅगचे. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि ते सुटे असताना चावी फिरवायची नाही.

वाळवण्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात अवघड. वरचं कार्पेट दोन दिवसांत कोरडं लागतं आणि लोक फसतात. पाणी धरतो खालचा फेल्ट, कित्येक लिटर, आणि वरून सूर्य दाखवला तरी तो आतून महिनाभर ओला राहतो. तळहाताने दाबून कळत नाही, गुडघा टेकवून दाबा. दाराच्या पायरीवरची प्लास्टिकची पट्टी काढली की कार्पेटची कड मोकळी होते. ती उचला आणि खाली नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून कार्पेट अधांतरी ठेवा. मग छताखाली गाडी उभी करून, दारं उघडून, टेबलफॅन थेट त्या पोकळीत लावा. एक रात्र पुरत नाही, तीन-चार लागतात. शक्य असेल तर पुढची सीट काढून फेल्ट बाहेरच घ्या, उभा टांगून निथळू द्या. कुणाकडे खोलीचं डिह्युमिडिफायर असेल तर काचा बंद करून ते आत चालवा, त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. दारं उघडी असताना आतले दिवे लागून बॅटरी उतरणार नाही एवढं बघा.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल किंवा देईल: सीटखाली खड्या मिठाची पुरचुंडी ठेवा. नको. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्या पावसाळ्यात तो त्याच्या वरच असतो. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. ते खारं पाणी फेल्टमध्ये झिरपलं तर पत्र्याचं काय होईल ते समुद्राकाठच्या कुठल्याही गेटकडे बघा. बाजारात दमटपणा शोषणारे पांढऱ्या दाण्यांचे डबे मिळतात, ते कपाटात ठीक, पण त्यांच्यातही खारं पाणीच साठतं आणि गाडीत ते घाटाच्या पहिल्या वळणाला कलंडतात. सिलिका जेलच्या पुड्या निरुपद्रवी, पण इवल्याशा. भिजलेल्या फेल्टपुढे त्यांचा पाड लागत नाही.

वास घालवायला सुगंधी बाटली टांगू नका. कुबट अधिक मोगरा हा वास मी सोसलेला आहे. फेल्ट सुकल्यावर बुरशीचे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसा, त्यात ब्लीच मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ग्लोव्हबॉक्समागे आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर असेल तर तो नवा घाला. तुमचा आता फणसाच्या खतासारखा झाला असेल. आणि एक सवय लावा: घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद, पंखा चालू. कॉइल वाळते आणि वासाला मूळच राहत नाही.

आता वाफ. चोर्ला घाटात तुम्ही गाडी बाजूला घेतलीत ते उत्तम केलंत, पुष्कळजण हाताने काच पुसत तसेच चालवतात. अशा वेळी पहिलं काम, काचेवर बोट फिरवून बघायचं की वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, हवेची दिशा पुढच्या काचेकडे, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत. ओल्या कार्पेटच्या गाडीत ते बटण चालू ठेवलं की तुम्ही, मुलं, ओल्या छत्र्या आणि फेल्ट, सगळ्यांची वाफ आतल्या आत फिरत राहते. पाऊस पडतोय म्हणून बाहेरची हवा जास्त ओली असं वाटतं खरं, पण ती कॉइलवरून पिळूनच आत येते. वाफ बाहेरून असेल तर उलटं कारण आहे: एसीने काच गार पडली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी सोडतेय. तिथे वायपर मारा, थंडी थोडी कमी करा, झडपा काचेवरून वळवा. आतल्या वाफेसाठी एसी वाढवायचा आणि बाहेरच्या वाफेसाठी कमी करायचा, एवढं घाटात आठवलं तरी पुरे. काच आतून एकदा स्वच्छ धुवा, मळाच्या थरावर वाफ लवकर धरते. घरी उतरताना छत्र्या आणि रेनकोट गाडीत ठेवू नका, मुलांना ह्याची जबाबदारी द्या.

तुमच्या ह्यांना सांगा, विकायची तर खुशाल विका, पण आधी सुकवा. वापरलेल्या गाड्या घेणारा माणूस दार उघडल्यावर पहिल्यांदा नाकाने बघतो आणि दुसऱ्यांदा कार्पेटची कड उचलतो. कुबट वास आला की तो गाडी पुरात होती असंच धरतो, तुम्ही कितीही शपथा घ्या. आणि सुकवून झाल्यावर, सात वर्षांच्या गाडीत दुसरं काही दुखणं नसेल तर, विकायचं कारणच मला दिसत नाही.

चवथीच्या आत हे सगळं बसतं. ह्या आठवड्यात एसीची नळी आणि वायपरची पन्हळ, त्याच फेरीत डाव्या बाजूचे वायरींचे सांधे. पुढच्या आठवड्यात फेल्ट आणि पंखा. दिवा आणि डिकी त्यानंतर झाली तरी चालेल, तोवर स्टेपनीच्या खड्ड्यातलं बूच काढून ठेवा; पाणी साठण्यापेक्षा गळून गेलेलं बरं, फक्त पाणी तुंबलेल्या रस्त्याने जाऊ नका. गाडी फणसाखालून हलवता आली तर बघा. नाही तर दर पंधरा दिवसांनी जाळीवरची पानं हाताने उचलायची, गणपती असो वा नसो. सासूबाईंना तोपर्यंत मागे उजव्या बाजूला बसवा. त्यांना पुढची सीट सोडवणार नाही हे मला माहीत आहे, माझ्याही घरी हाच प्रकार होता, पण पाय कोरडे राहतील असं सांगून बघा.

आणि कार्पेट परत बसवायच्या आधी करवंट्या मोजून काढा. चार घातल्या असतील तर चारच बाहेर आल्या पाहिजेत. एक राहिली, तर पहिल्या गतिरोधकावर ती फुटल्याचा आवाज ऐकून तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.